कॅमेरा पारखावा कसा? कापडवाल्याच्या नजरेतून निकॉन डी-७२००

कापडाच्या बाजारात एक जुनी रीत आहे. व्यापारी नमुना पुढे करतो. गिऱ्हाईक तो चिमटीत धरते, दाराशी उजेडात नेते, चुरगाळून बघते आणि मगच सौदा बोलते. पुढे येणारा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, हे बाजाराचे इमान तर आहेच, पण १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १७ मध्येही तेच सांगितले आहे. नमुन्यावर विकलेला माल दर्जाने नमुन्याशी जुळला पाहिजे.

आज नमुन्याची जागा फोटोने घेतली आहे. मालेगावची साडी असो, भिवंडीचे शर्टिंग असो की औरंगाबादचे हिमरू असो, दूरच्या गावचे गिऱ्हाईक आधी फोटो मागते. माल हातात येतो तो पैसे दिल्यानंतर. म्हणून फोटोत रंग एक आणि पार्सलात दुसरा निघाला तर माल परत येतो, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते आणि भरवसा जातो तो वेगळाच. २०२० साली आलेल्या ई-कॉमर्सविषयीच्या ग्राहक संरक्षण नियमांत तर स्पष्टच आहे की, विक्रेत्याने दिलेले वर्णन आणि छायाचित्रे प्रत्यक्ष मालाशी जुळली पाहिजेत, आणि जाहिरातीत दाखविल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. फोटो ही आता शोभेची बाब राहिली नाही. तो आपला शब्द झाला आहे.

यासाठी आमच्या बाजारातील अनेक जण चांगला कॅमेरा घेण्याच्या विचारात असतात. काही कारागिरांची मुले फोटोग्राफीच रोजगार म्हणून करू पाहतात. दिवसा दुकानांच्या मालाचे फोटो, रात्री लग्नाचे काम. दोघांचीही पुंजी मर्यादित असते आणि दुकानदार सांगतो तेवढेच त्यांच्या कानावर पडते. आम्ही धंद्याने कापडवाले. कॅमेऱ्याचे शास्त्र आम्ही कोठल्या कॉलेजात शिकलो नाही. पण मालाचे फोटो काढून घेणे आणि काढणे यात बरीच वर्षे गेली आहेत, आणि जिन्नस कोणताही असला तरी पारखण्याची रीत सारखीच असते. त्या रीतीने मधल्या दर्जाचा डिजिटल एसएलआर कॅमेरा कसा पारखावा ते येथे मांडत आहोत. उदाहरणासाठी निकॉन डी-७२०० घेतला आहे.

आधी गरज पाहा

ज्याला दिवसाला पाचदहा फोटो काढून ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवायचे आहेत त्याने कॅमेऱ्यात पैसे गुंतवू नयेत. चांगला मोबाइल, खिडकीचा उजेड आणि पांढरा पडदा एवढ्यात त्याचे काम भागते. मात्र मोबाइलची एक खोड ध्यानात ठेवावी. फोटो डोळ्याला गोड वाटावा म्हणून तो रंग आपल्या मनाने भडक करतो आणि कापडाच्या पोतावर इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीतपणा आणतो. ज्याला शेकडो नगांचा कॅटलॉग एकाच रंगात, एकाच मापात हवा आहे, जरीचे आणि भरतकामाचे बारीक काम दाखवायचे आहे किंवा जो पैसे घेऊन दुसऱ्याचे काम करणार आहे, त्याला खरा कॅमेरा लागतो.

जुनाच कॅमेरा का?

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेले चित्र आरशावरून उडून डोळ्याकडे जाते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि उजेड सेन्सरवर पडतो. आता कंपन्यांनी आपला कल बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळविला आहे. निकॉनने आपले शेवटचे नवे एसएलआर, डी-७८० आणि डी-६, २०२० साली आणले. त्यामुळे हौशी लोक जुने एसएलआर काढून मिररलेस घेत आहेत आणि जुन्या बाजारात चांगला माल येत आहे. कामाच्या माणसाला ही संधी आहे. निकॉनची एफ-माउंट ही भिंग बसविण्याची पद्धत १९५९ पासून चालत आलेली असल्याने तिच्यासाठी वापरलेल्या लेन्सही मुबलक मिळतात.

डी-७२०० हा कॅमेरा मार्च २०१५ मध्ये जाहीर झाला. सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके. सेन्सरचे माप साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. बॅटरी आणि कार्डासह वजन सुमारे ७६५ ग्रॅम. वरचे आणि मागचे कवच मॅग्नेशियम मिश्रधातूचे असून धूळ व पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाची सोय आहे. डोळा लावायच्या खिडकीत जवळजवळ शंभर टक्के चित्र दिसते, म्हणजे फोटोच्या कडेला न दिसलेली वस्तू नंतर डोकावत नाही. अशा यादीवर लोक भुलतात. पण ताग्याच्या किनारीवर काय छापले आहे ते वाचून आपण कापड घेत नाही. खरी पारख पुढे आहे.

ताणाबाणा आणि मेगापिक्सेल

मेगापिक्सेल जास्त तेवढा कॅमेरा चांगला, ही बाजारातील सर्वांत मोठी गफलत. कापडाच्या फोटोला खरा त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तलम आणि एकसारख्या विणीच्या कापडाचा फोटो काढला की कधी कधी त्यावर लाटांसारखे पट्टे किंवा हिरवे-जांभळे इंद्रधनुष्य उमटते. कापडात तसे काही नसते. याला म्वारे म्हणतात. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरले तर हलत्या लाटा दिसतात, तसाच हा प्रकार आहे. येथे एक जाळी कापडाच्या धाग्यांची आणि दुसरी सेन्सरच्या ठिपक्यांची.

याचा हिशेब सोपा आहे. समजा फोटोच्या रुंदीत १२० सेंटिमीटर कापड घेतले. ते ६००० ठिपक्यांत मांडले गेले, म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर कापड आले. कापडात इंचाला ६० धागे असतील तर दर ०.४२ मिलिमीटरला एक धागा येतो. म्हणजे एका धाग्याला जेमतेम दोन ठिपके मिळाले. दोनहून कमी ठिपके मिळाले की कॅमेऱ्याला धागे मोजताच येत नाहीत आणि तो भलतेच पट्टे दाखवितो. इंचाला ८० धाग्यांचे कापड असेल तर येथेच फसगत झाली. रंगाची गोष्ट आणखी नाजूक आहे. सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो, त्यामुळे लाल-निळ्याचे मोजमाप अधिक विरळ होते आणि रंगीत पट्टे आधी उमटतात. म्हणून एका धाग्याला निदान चार ठिपके मिळावेत असा अंदाज धरावा. तेच कापड ६० सेंटिमीटर रुंदीत घेतले तर चारच्या वर ठिपके पडतात आणि वीण स्वच्छ येते.

हा त्रास कमी व्हावा म्हणून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे एक पातळ काच असते. तिला लो-पास फिल्टर म्हणतात. ती चित्र अगदी किंचित मऊ करते. निकॉनने २०१३ च्या डी-७१०० पासून या श्रेणीत ती काच काढून टाकली, आणि डी-७२०० मध्येही ती नाही. फायदा असा की जरीचा तार आणि टाका धारदार येतो. तोटा असा की तलम पॉपलिन, वॉयल किंवा बारीक चौकडीवर पट्टे येण्याची शक्यता वाढते. कंपनी पहिली बाजू सांगते. कापडवाल्याने दुसरीही विचारावी.

उपाय अवघड नाही. कॅमेरा थोडा पुढेमागे करावा किंवा कापडाचा कोन किंचित बदलावा. लेन्सचे छिद्र एफ/११ ते एफ/१६ पर्यंत लहान करावे, त्याने चित्र जरा मऊ होऊन पट्टे विरतात. फोटो काढल्याबरोबर पडद्यावर पूर्ण मोठा करून तपासावा. लहान केलेल्या चित्रात दिसणारे पट्टे कित्येकदा फक्त पडद्याचे असतात.

रंगाचे इमान

परत येणाऱ्या मालाच्या तक्रारीत रंगाची तक्रार नेहमीची. त्यातला दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो, दिव्याचा असतो. दुकानात एक ट्यूब पांढरी, दुसरी पिवळट आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड निळसर. तीन उजेडांत एक रंग कधीच खरा येणार नाही. फोटोच्या वेळी एकाच प्रकारचे दिवे ठेवावेत, बाकीचे बंद करावेत. दिवे घेताना सीआरआय हा आकडा पाहावा. तो ९० च्या वर असावा.

डी-७२०० मध्ये राखाडी कार्डावरून पांढऱ्याचे माप ठरविण्याची सोय आहे. त्याच दिव्यात राखाडी कार्ड धरून एकदा माप घेतले की त्या बैठकीतले सर्व फोटो एका रंगात येतात. नव्या माणसाने स्वयंचलित सेटिंगवर राहू नये. लाल साडी पुढे आली की कॅमेरा एक अंदाज करतो, हिरवी आली की दुसरा.

लाल आणि मरून रंगाचा एक ऐब वेगळा सांगितला पाहिजे. गडद लाल कापडात लाल रंगाचे माप काठोकाठ भरून सांडते आणि वीण नाहीशी होऊन नुसता लाल डाग राहतो. कॅमेऱ्यातील आलेखात लाल, हिरवा, निळा असे तिन्ही भाग स्वतंत्र पाहावेत. लाल उजव्या काठाला टेकला असेल तर उजेड कमी करावा. पांढऱ्या कापडाला चमक आणणारी रसायने लावलेली असतात, तीही उजेडानुसार निळसर झाक दाखवितात.

मोठ्या कामासाठी फोटो रॉ पद्धतीत साठवावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. जेपेग म्हणजे शिवलेला सदरा, आणि रॉ म्हणजे न कापलेला तागा. नंतर रंग दुरुस्त करायचा झाला तर ताग्यात वाव राहतो.

पैसा लेन्समध्ये घालावा

कॅमेऱ्याचा सांगाडा पाचसात वर्षांत जुना ठरतो, चांगली लेन्स त्याहून कितीतरी जास्त चालते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स शिकण्यापुरती ठीक. बारीक भरतकाम, बटणे, काठ यासाठी ४० मिलिमीटर मायक्रो लेन्स उपयोगी पडते. तिच्याने वस्तूचे चित्र सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढे घेता येते. लग्नाच्या मंद उजेडासाठी ३५ मिलिमीटर एफ/१.८ किंवा ५० मिलिमीटर एफ/१.८ किफायतशीर आहेत. डी-७२०० च्या सांगाड्यात फोकस फिरविणारी मोटर असल्याने निकॉनच्या जुन्या डी जातीच्या ऑटोफोकस लेन्सही त्यावर चालतात. निकॉनच्या स्वस्त कॅमेऱ्यांत ही मोटर नसते. वापरलेली लेन्स घेणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी बचत आहे.

आणि मजबूत तिपाई विसरू नये. कॅटलॉगच्या कामात तिपाईवर आयएसओ १०० ठेवून काढलेला साध्या लेन्सचा फोटो हातात धरून काढलेल्या महाग लेन्सच्या फोटोला मागे टाकतो.

दोन कार्डे म्हणजे दोन वह्या

डी-७२०० मध्ये एसडी कार्डाच्या दोन जागा आहेत. एकच फोटो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिता येतो. लग्नाचे काम करणाऱ्याने या सोयीला सर्वांत जास्त किंमत द्यावी. मालाचा फोटो बिघडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतो. निकाह किंवा सप्तपदी दुसऱ्या दिवशी होत नाही. एक कार्ड बिघडले आणि दुसरे नसेल तर पैसे परत करून भागत नाही, गावात नाव जाते.

बॅटरी कंपनीच्या मोजणीप्रमाणे एका भरणीत सुमारे १,११० फोटो देते. फोकसच्या ५१ जागा असून त्यातल्या मधल्या १५ अधिक भरवशाच्या आहेत, आणि मंद उजेडात फोकस पकडण्याची ताकद डी-७१०० पेक्षा वाढविलेली आहे. हॉलच्या उजेडात आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत काम व्यवस्थित निघते. उणे बाजूही सांगितली पाहिजे. मागचा पडदा बसका आहे, वळत नाही. जमिनीवर साडी पसरून शिडीवरून फोटो काढताना मान मोडते. पडद्यावर पाहून फोटो काढताना फोकस सावकाश चालतो. व्हिडिओ फोर-के नाही. ज्याला मुख्यत्वे व्हिडिओचे काम करायचे आहे त्याने हा कॅमेरा घेऊ नये.

शेजारचे दोन पर्याय

एप्रिल २०१७ मध्ये आलेला डी-७५०० नंतरचा आहे म्हणून सर्व बाबतींत वरचढ, असे समजू नये. त्यात वळता स्पर्शपडदा, सेकंदाला सहाऐवजी आठ फोटो आणि फोर-के व्हिडिओ आहे. पण कार्डाची जागा एकच, आणि सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा. मेगापिक्सेलमधला फरक कामात जाणवत नाही, कार्डाचा जाणवू शकतो.

कॅननचा ८०डी फेब्रुवारी २०१६ चा. सेन्सर २४.२ मेगापिक्सेलचाच, पण त्यात लो-पास फिल्टर आहे, म्हणून तलम कापडावर पट्ट्यांचा त्रास कमी. त्याचा पडदा चहूकडे वळतो आणि पडद्यावर पाहून फोकस करणे फार जलद आहे. कार्ड मात्र एकच. आमचा कौल असा की, ज्याचे काम दुकानात बसून कापडाचे आणि व्हिडिओचे आहे त्याने ८०डी पाहावा. ज्याला कापडही करायचे आणि लग्नेही घ्यायची, त्याने डी-७२०० पाहावा. ज्याच्या घरी आधीच एका कंपनीच्या लेन्स आहेत, त्याने ती कंपनी सोडू नये.

गल्ल्यासमोर करावयाची परीक्षा

जुना कॅमेरा मुंबईत फोर्टातील बोरा बाजारातून घ्या किंवा ओळखीच्या माणसाकडून, पुढील तपासणी केल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आपले कार्ड, एक लहान टॉर्च आणि आपल्याच मालाचे तीन तुकडे सोबत न्यावेत. एक पांढरा, एक गडद लाल, एक तलम चौकडीचा.

पहिले, शटर किती वेळा चालले ते पाहावे. एक जेपेग फोटो काढून संगणकावर त्याची माहिती उघडली की आकडा मिळतो. या कॅमेऱ्याचे शटर दीड लाख वेळांच्या चाचणीतून गेलेले आहे. लग्नाला दीड हजार फोटो धरले तर शंभर लग्ने झाली. लाखाच्या वर गेलेल्या कॅमेऱ्याचा भाव त्या मानाने उतरला पाहिजे.

दुसरे, लेन्स एफ/१६ वर ठेवून कोऱ्या भिंतीचा फोटो काढावा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसते. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही.

तिसरे, लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार पाहावा. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत लेन्समध्ये बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स स्वस्तातही घेऊ नये.

चौथे, मेनूमध्ये बॅटरीची माहिती उघडावी. तेथे बॅटरीचे वय ० ते ४ असे दाखविले जाते. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलण्याची वेळ.

पाचवे, लेन्सवर झाकण ठेवून तीस सेकंदांचा फोटो घ्यावा. काळ्यावर रंगीत ठिपके फार दिसले तर सावध व्हावे. दोन्ही कार्डांच्या जागा, फ्लॅश आणि प्रत्येक बटण चालवून पाहावे.

सहावे, छिद्र पूर्ण उघडे ठेवून चौकडीच्या तुकड्यावर तिरका फोकस धरावा. जेथे धरला तेथेच धार आली पाहिजे. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचा सेन्सर वेगळा असल्याने थोडा फरक पडू शकतो. डी-७२०० मध्ये तो मेनूतून सुधारता येतो, पण मोठा फरक म्हणजे कॅमेरा पडलेला असण्याची शंका.

शेवटी तिन्ही तुकड्यांचे फोटो घरी आणून दिवसाच्या उजेडात कापडाशेजारी ठेवून पाहावेत. मालक एक दिवसाची मुदत देत नसेल तर दुसरा कॅमेरा पाहावा. पावतीवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

हिशेब

जेवढी रक्कम काढून ठेवली असेल ती सगळी सांगाड्यावर खर्चू नये. आमचा ठोकताळा असा की, निम्मी कॅमेऱ्याला, उरलेल्यातली मोठी वाटणी लेन्सला, आणि बाकीची दिवे, तिपाई, दुसरी बॅटरी आणि राखाडी कार्डाला. कर्ज काढून कॅमेरा घेण्यापेक्षा दोन महिने भाड्याने घेऊन काम करावे. त्यात हातही बसतो आणि आपल्याला नेमके काय लागते तेही कळते.

ज्या दुकानाचा फोटो आणि माल सारखा निघतो त्या दुकानाला गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फोन करून भाव विचारत नाही, ऑर्डर सांगते. कॅमेरा घेताना एवढाच प्रश्न समोर ठेवावा की, याने काढलेला फोटो पाहून कोणी माल मागविला तर पार्सल उघडताना त्याचा चेहरा उतरणार तर नाही ना? ज्या कॅमेऱ्याने, ज्या दिव्यात आणि ज्या हाताने याचे उत्तर पक्के मिळते, तोच आपल्या कामाचा.